मस्टरवर नाव नाही, चलनावर सही आहे : एका शिपायाच्या जोखमीची फाइल

जून २०२० मध्ये कोरोनाने गेलेल्या एका शिपायाच्या दाव्याची ही हकिगत आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेचं मुंबईतलं काम मी बघतो. दावे, अपिलं, त्रुटींची उत्तरं माझ्या टेबलावर येतात. त्याच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, सगळे कागद माझ्या हवाली केले होते आणि लिहायला परवानगीही दिली. त्यांचं नाव, त्यांच्या यजमानांचं नाव आणि कार्यालयाचं नाव मी देत नाही. प्रकरण कसं अडलं, कसं सुटलं आणि त्यातलं काय अजून सुटलेलं नाही, हे मात्र तपशिलात सांगणार आहे. जोखीम भत्त्याची मागणी घेऊन आपण मंत्रालयात जातो तेव्हा समोरचा पहिला प्रश्न विचारतो, जोखीम होती हे दाखवा. आणि ते दाखवताना आपली माणसं कुठे कमी पडतात, हे या एका फाइलमध्ये जितकं स्पष्ट दिसलं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

फोर्टातल्या एका कार्यालयात तो गट ‘ड’चा शिपाई होता. २००३ साली लागलेला, बदलापूरला राहणारा. २३ मार्च २०२० पासून राज्याच्या कार्यालयांतली उपस्थिती पाच टक्क्यांवर आणली गेली, तेव्हा तोही घरी बसला. मार्चचा पगार त्या वर्षी टप्प्याटप्प्याने झाला. ‘अ’ आणि ‘ब’ गटाला निम्मा, ‘क’ला पाऊण आणि ‘ड’ला पूर्ण. त्याच्या घरात त्यामुळे ओढाताण नव्हती. मेच्या तिसऱ्या आठवड्यात साहेबांचा फोन आला की उद्यापासून चेंबूरला जायचं, तिथे एका वसतिगृहात विलगीकरण केंद्र सुरू झालंय, माणसं कमी आहेत. त्याच संध्याकाळी कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका कागदाचा फोटो पडला. हाताने लिहिलेली अकरा नावं. वर तारीख नाही, खाली सही नाही, जावक क्रमांक नाही. त्याचं नाव सातवं होतं.

तो गेला. जायचं नाही असं त्याच्या मनातसुद्धा आलं नसावं, असं वहिनी म्हणाल्या. लोकल बंद होत्या. अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी लोकल सुरू झाल्या त्या १५ जूनला, आणि तोपर्यंत तो अंथरुणाला खिळला होता. म्हणजे कामाचा एकही दिवस त्याने लोकलने प्रवास केला नाही. पहाटे साडेचारला घरून निघायचं, एसटीच्या रांगेत उभं राहायचं, मुंबईत उतरून बेस्ट पकडायची. केंद्रात त्याच्याकडे दोन कामं होती. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंदवही लिहायची, आणि दोन वेळची जेवणाची पाकिटं मोजून घेऊन खोल्यांच्या दाराशी ठेवायची. पीपीई किट डॉक्टर आणि सिस्टरसाठी होतं. त्याला पहिल्या दिवशी हातमोजे मिळाले, पुढचे त्याने स्वतः विकत घेतले. दुकानाची पावती त्याने जपून ठेवली होती. ती मला त्याच्या पाकिटात सापडली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच केंद्रात महापालिकेचे कामगारही होते. महापालिकेने कामावर हजर राहणाऱ्यांना मार्चअखेरीस दिवसाला ३०० रुपये भत्ता जाहीर केला होता. काही महिन्यांनी तो बंद झाला, पण त्या काळात तो मिळत होता. दारात उभं राहून तेच पाकीट देणारे दोघे, एकाला ३०० रुपये आणि दुसऱ्याला शून्य. दुसरा राज्याचा म्हणून. राज्याच्या कर्मचाऱ्याला रोजचा जोखीम भत्ता नव्हता. त्याच्यासाठी होतं ते फक्त मृत्यूनंतरचं कवच.

दावा कुठे अडला

ते कवच वित्त विभागाच्या २९ मे २०२० च्या शासन निर्णयाने आलं. सर्वेक्षण, शोध, चाचणी, प्रतिबंध, उपचार, मदतकार्य अशा कोविडच्या प्रत्यक्ष कामावर असताना कोविडने मृत्यू झाला तर वारसांना ५० लाख रुपये. मुदत आधी ३० सप्टेंबर २०२० पर्यंत होती, ती नंतर वाढवत नेली. केंद्राची प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजमधली ५० लाखांची विमा योजना ३० मार्च २०२० ला आली होती, पण ती आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. नोंदवही लिहिणारा शिपाई तिच्यात बसत नाही. म्हणून राज्याचा निर्णय महत्त्वाचा होता आणि तो चांगला निर्णय होता, हे मी आजही म्हणेन. त्यात एक अट होती. रुग्णालयात दाखल होण्याच्या किंवा मृत्यूच्या आधीच्या १४ दिवसांत माणूस कर्तव्यावर हजर असला पाहिजे, आणि ते कार्यालयप्रमुखाने प्रमाणित केलं पाहिजे.

जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर त्याला ताप आला, महिन्याच्या मध्याला तो दाखल झाला आणि नऊ दिवसांनी गेला. वहिनींनी ऑगस्टमध्ये अर्ज केला. चार महिन्यांनी तो परत आला.

कारण काय, तर मूळ कार्यालयाच्या मस्टरवर त्या तीन आठवड्यांत त्याची एकही सही नव्हती. कशी असेल? तो चेंबूरला होता. आस्थापना शाखेने लिहून दिलं की सदर कर्मचारी सदर कालावधीत या कार्यालयात उपस्थित नव्हता. वाक्य खरं होतं, आणि त्या खऱ्या वाक्याने दावा बुडत होता. केंद्र चालवणाऱ्या यंत्रणेकडे गेलो तर ते म्हणाले, आमच्याकडे त्याच्या नावाचा आदेश नाही, आम्ही प्रमाणपत्र कशाच्या आधारावर देणार? एकाने मस्टर दाखवून हात वर केले, दुसऱ्याने आदेश मागून. ही टोलवाटोलवी सहा महिने चालली. कुणी मुद्दाम वाईट वागत होतं असं मला वाटत नाही. सही करणाऱ्या प्रत्येकाला ५० लाखांच्या रकमेची भीती वाटत होती. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर वसुली आपल्यावर निघेल, ही भीती कार्यालयात काम केलेल्या कुणालाही कळेल.

व्हॉट्सॲपवरचा फोटो आम्ही जोडला होता. त्यावर शेरा आला, ‘स्वाक्षरीविना, ग्राह्य धरता येत नाही.’

मधल्या काळात आणखी एक त्रुटी निघाली. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात, म्हणजे नमुना ४ मध्ये, पहिल्या ओळीवर ‘ॲक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम’ लिहिलं होतं, दुसऱ्या ओळीवर न्यूमोनिया आणि तिसऱ्या ओळीवर कोविड. कार्यासनावरच्या माणसाने वरची ओळ वाचली आणि विचारलं, मृत्यू कोविडने झाला हे कुठे म्हटलंय? हा प्रश्न अनेक दाव्यांत येतो म्हणून नीट सांगतो. त्या नमुन्यात वरच्या ओळीवर शेवटची, तात्काळ घटना लिहितात आणि खालच्या ओळींवर ती कशामुळे झाली ते. सगळ्यात खालची ओळ हे मूळ कारण. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शक सूचनांतही कोविड हे मूळ कारण म्हणून असंच नोंदवायला सांगितलं होतं. आम्ही त्या डॉक्टरांकडून चार ओळींचं स्पष्टीकरण आणलं आणि ती त्रुटी एका आठवड्यात निघाली. त्यांनी रात्रपाळी संपवून, उभ्या-उभ्या, पॅड हातावर घेऊन ते लिहून दिलं. त्यांचे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानतो.

हजेरीचा प्रश्न मात्र तसाच होता.

गुलाबी प्रत

एक दिवस वहिनी सहज म्हणाल्या, “दादा, ते फोनवर सारखं सांगायचे, आज दोन पाकिटं कमी आली, आज वरण सांडलं. मोजून सही करावी लागते म्हणायचे.”

सही. कशावर?

जेवण पुरवणारा ठेकेदार पाकिटं देताना चलनावर सही घेणार. चलन तीन प्रतींत निघतं. एक त्याच्याकडे राहते, एक केंद्रात, आणि एक बिलाला जोडून लेखा शाखेत जाते. केंद्र बंद होऊन वर्ष होत आलं होतं, तिथले कागद कुठे गेले ते कुणालाच माहीत नव्हतं. पण बिलाला जोडलेला कागद सहजी हरवत नाही. त्याच्यावर पैसे दिलेले असतात आणि लेखापरीक्षण व्हायचं असतं. मी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला. मे आणि जून २०२० मधल्या भोजन पुरवठ्याच्या देयकांची आणि जोडपत्रांची पाहणी करू द्यावी, एवढीच मागणी. ‘माझ्या सहकाऱ्याच्या कर्तव्याचा पुरावा द्या’ असं मागितलं असतं तर ‘अशी माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेलं होतं. कागद त्याच्या खऱ्या नावाने मागावा लागतो.

पाहणीच्या दिवशी दोरीने बांधलेला गठ्ठा समोर आला. चलनाची गुलाबी प्रत, कार्बनची निळसर अक्षरं. सॅनिटायझरच्या हातांनी हाताळल्यामुळे काही ठिकाणी शाई पसरलेली. आणि जवळजवळ प्रत्येक संध्याकाळच्या चलनावर त्याची मराठीतली सही, आडनावाच्या शेवटच्या अक्षराची वेलांटी लांब ओढलेली. रजेच्या अर्जांवर मी ती कित्येकदा पाहिली होती. एका चलनावर त्याने सहीच्या वर लिहिलं होतं, ‘१४२ मिळाली. ३ परत, वरण सांडलेले.’ बिलाच्या पानावर त्या तारखेच्या रकान्यात १३९ पाकिटांचेच पैसे धरलेले होते.

मी ते पान बराच वेळ धरून बसलो होतो. पानाला दोन रुपयांप्रमाणे सगळ्यांच्या साक्षांकित प्रती घेतल्या.

पुढच्या अर्जात युक्तिवाद एवढाच होता. या माणसाच्या सहीवर शासनाने ठेकेदाराचं बिल मंजूर केलं, आणि त्याने तीन पाकिटं परत केली म्हणून तीन पाकिटांचे पैसे कापले. म्हणजे त्या जागी, त्या तारखेला, शासनाच्या वतीने माल ताब्यात घेणारा माणूस म्हणून शासनाने त्याला एकदा मान्य केलेलं आहे. पैसे देताना जी सही खरी होती ती दावा देताना खोटी कशी ठरेल? चलनांबरोबर केंद्राच्या फाटकावरची नोंदवहीही मिळाली. नाव, वेळ आणि थर्मल गनने घेतलेलं तापमान असे तीन रकाने. त्याची शेवटची नोंद रुग्णालयात दाखल होण्याच्या आधी नऊ दिवसांची होती. चौदाच्या आत.

एक गोष्ट आम्ही समांतर चालवली होती. दावा नाकारल्याचं पत्र हातात आल्यावर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, मॅटमध्ये, जायला एक वर्षाची मुदत असते. अनेक कुटुंबं निवेदनांवर निवेदनं देत राहतात आणि ते वर्ष निघून जातं. त्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता, म्हणून आमच्याकडे श्वास घ्यायला जागा होती. तरीही मॅटमध्ये द्यायच्या अर्जाचा मसुदा आम्ही तयार करून ठेवला आणि त्याची एक प्रत शेवटच्या निवेदनाला जोडली. तो दाखल करायची वेळ आली नाही. केंद्र चालवणाऱ्या यंत्रणेने चलनं आणि नोंदवही पाहून प्रमाणपत्र दिलं, मूळ कार्यालयाने त्याच्यावर आपलं प्रमाणपत्र दिलं आणि २०२२ संपता संपता रक्कम वहिनींच्या खात्यावर जमा झाली. तो २००५ च्या नोव्हेंबरआधी, म्हणजे जुन्या निवृत्तिवेतन योजनेत, लागलेला असल्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतन आधीच सुरू झालं होतं. त्याच्यानंतर लागलेल्यांच्या घरच्यांसाठी ते दार मार्च २०२३ च्या संपानंतर, ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने उघडलं.

सभागृहातून काय मिळतं आणि काय नाही

लोक मला विचारतात, जोखीम भत्त्याचं विधेयक कधी येणार? राज्य कर्मचाऱ्यांच्या बाबतीत या प्रश्नातच थोडी चूक आहे. आपले भत्ते कायद्याने येत नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद ३०९ खालचे सेवा नियम, त्यांच्या आधारे वित्त विभाग किंवा संबंधित विभागाचा शासन निर्णय, आणि त्याला लागणारा पैसा अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत, असा तो रस्ता आहे. शासन निर्णय राज्यपालांच्या नावाने निघतो, तळाशी संकेतांक असतो, आणि तो जितक्या सहज निघतो तितक्याच सहज त्याची मुदत संपते. २९ मे २०२० च्या निर्णयाचं तेच झालं. प्रत्येक मुदतवाढीची आम्ही चातकासारखी वाट पाहत होतो.

अमेरिकेत याच काळात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायद्याने राज्यांना दिलेल्या निधीतून अत्यावश्यक कामगारांना तासाला १३ डॉलरपर्यंत आणि एका माणसामागे २५ हजार डॉलरपर्यंत जादा वेतन देण्याची मुभा दिली. मिनेसोटाच्या विधिमंडळाने २०२२ मध्ये ५० कोटी डॉलर बाजूला काढले आणि दहा लाखांहून अधिक लोकांना प्रत्येकी ४८७.४५ डॉलर मिळाले. मॅसॅच्युसेट्सने कमी उत्पन्नाच्या कामगारांना ५०० डॉलर दिले, पण राज्य शासनाच्या ज्या कर्मचाऱ्यांना मालक म्हणून राज्याकडून वेगळी एकरकमी रक्कम मिळणार होती, त्यांना त्यातून वगळलं. तिथे संघटना आणि शासन यांच्यात करार होतो आणि करार बंधनकारक असतो. आपल्याकडे संघटनेला मान्यता असते, बैठक होते, इतिवृत्तही निघतं, पण त्या इतिवृत्तावर कुणाला भत्ता मिळत नाही. म्हणून तिथला मसुदा उचलून इथे लावण्यात अर्थ नाही. एवढं मात्र घेण्यासारखं आहे की तिथे जिवंत माणसाच्या जोखमीला दर ठरवला गेला.

मग सभागृहाचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि या प्रकरणात झाला. पण ज्या काळात सर्वांत जास्त गरज होती तेव्हाच सभागृह बसत नव्हतं. २०२० चं पावसाळी अधिवेशन ७ आणि ८ सप्टेंबर, दोन दिवस. हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत, १४ आणि १५ डिसेंबर, तेही दोन दिवस. २०२१ चं पावसाळी, ५ आणि ६ जुलै, पुन्हा दोन दिवस. इतक्या वेळात तारांकित प्रश्न, लक्षवेधी कुठे बसणार? एका विधान परिषद सदस्यांकडे आम्ही तीनदा गेलो. ते प्रत्येक वेळी कागद ठेवून घ्यायचे आणि म्हणायचे, “अधिवेशन नीट होऊ द्या, मी विसरणार नाही.” ते विसरले नाहीत. डिसेंबर २०२१ च्या अधिवेशनासाठी त्यांनी प्रश्न दिला. त्याचा साचा आपल्याला पाठ आहे, ‘हे खरे आहे काय’ ने सुरुवात आणि ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ ने शेवट. उत्तर ‘अंशतः खरे आहे’ असं आलं. त्या तीन शब्दांनी भत्ता मिळाला नाही, दावाही मंजूर झाला नाही. पण उत्तर तयार करायला मंत्रालयातून खाली माहिती मागवली गेली आणि सहा महिने न हललेली फाइल दोन कार्यालयांनी एकाच आठवड्यात उघडून पाहिली. आमची गुलाबी चलनं तेव्हा तिच्यात आधीच लावलेली होती. प्रश्न आणि पुरावा एकाच वेळी पोचले, हे मी या प्रकरणातलं निर्णायक वळण मानतो. नुसत्या प्रश्नाने फाइल उघडली असती आणि रिकामी म्हणून मिटली असती.

ज्यांना वाटतं की महाराष्ट्राला जोखमीचे पैसे देणं जमतच नाही, त्यांनी गडचिरोलीकडे पाहावं. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना तिथे असेपर्यंत एकस्तर वरची वेतनश्रेणी देण्याचा निर्णय ६ ऑगस्ट २००२ चा आहे. नक्षलग्रस्त भागातल्या पोलिसांना दीडपट वेतन मिळतं. केंद्रात सातव्या वेतन आयोगाने जोखीम आणि खडतरपणा यांचा एक तक्ताच आखला, कमी-अधिक जोखमीप्रमाणे त्यात घरं पाडली, आणि सियाचीन सगळ्यांच्या वर ठेवलं. तिथे २०१७ मध्ये जवानाला महिना ३० हजार आणि अधिकाऱ्याला साडेबेचाळीस हजार ठरले. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचा केंद्राचा रुग्णसेवा भत्ताही त्याच तक्त्यातून आला. म्हणजे जागा ठरली की पैसे ठरतात. साथ, पूर, इमारत कोसळणं अशा अचानक येणाऱ्या जोखमीला मात्र आपल्या राज्यात कुठलंच घर नाही. दर वेळी नवा निर्णय, नवी मुदत, नवी अट.

कायद्यातही हे रितेपण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली कामाच्या जागेची सुरक्षितता आणि आरोग्य यांची संहिता केंद्र आणि राज्य शासनाच्या कार्यालयांना लागू नाही. त्या कार्यालयांत ठेकेदारामार्फत लावलेल्या कंत्राटी कामगारांना ती लागू आहे. त्यांना संरक्षण मिळालं याचा आनंदच आहे. पण एकाच जिन्यावर झाडू मारणारा कामगार सुरक्षा कायद्याच्या आत आणि जिन्याखाली बसलेला शासनाचा शिपाई बाहेर, हे संघटनांनी सभागृहात मांडलं पाहिजे. अजून कुणी जोरात मांडलेलं मी ऐकलेलं नाही.

जो जगला

त्या अकरा नावांत चौथा एक लिपिक होता. त्याच केंद्रात रात्रपाळीला. त्यालाही त्याच आठवड्यात ताप आला, ऑक्सिजन लागला, पाच आठवडे रुग्णालयात काढले. तो घरी आला, पण फुप्फुसं पूर्वीसारखी राहिली नाहीत. परत कामावर रुजू झाला तेव्हा कळलं की आजारपणाचे सगळे दिवस त्याच्या अर्जित रजेतून वजा झालेत. माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, “दादा, माझ्यासाठी काही आहे का? मी गेलो असतो तर घरच्यांना पन्नास लाख होते. जगलो तर माझीच रजा कापली.” त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तो खरोखर विचारत होता.

मीही तेव्हा ‘नाही’ म्हणालो होतो. चुकलो होतो. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यात विशेष विकलांगता रजेची तरतूद आहे. पोलिस किंवा वनरक्षक जखमी झाला तर ती आठवते, बाकी कुणाला आठवत नाही. पण तिचा आवाका इजेपुरता नाही. पदाच्या नेहमीच्या जोखमीपलीकडे आजाराचा धोका वाढवणारं विशिष्ट काम करताना आजार जडला, तर तोही तिच्यात येतो. ते वाक्य मी पहिल्यांदा लक्ष देऊन वाचलं तेव्हा वाटलं, आपण जी व्याख्या वर्षानुवर्षं मागतोय ती आपल्याच नियमात आहे. ‘नेहमीच्या जोखमीपलीकडे’. रजेच्या नियमाने ते मानलं, वेतनाच्या नियमाने अजून मानलेलं नाही.

त्याचं प्रकरणही त्याच गुलाबी गठ्ठ्याने सुटलं. सकाळच्या नाश्त्याच्या चलनांवर त्याच्या सह्या होत्या. वैद्यकीय प्रमाणपत्र, फाटकाची नोंदवही, वहिनींच्या प्रकरणातलं मंजुरीचं पत्र असं सगळं जोडलं आणि कापलेली रजा विशेष विकलांगता रजेत बदलून मिळाली. पैशात मोजली तर रक्कम फार नाही. पण सेवापुस्तकात आता नोंद आहे की तो त्या दिवसांत आजारी पडला तो कामामुळे. उद्या त्याचा त्रास वाढला तर ती नोंद त्याच्या कामी येईल. ज्यांनी असं काम केलं आणि जगले, त्यांनी आपली सेवापुस्तकं काढून पाहावीत असं मी प्रत्येक सभेत सांगतो.

आता मागणी काय, ते आम्ही लेखी दिलं आहे. आपत्तीच्या कामावर पाठवलेल्या माणसाला चोवीस तासांत क्रमांकासह लेखी आदेश. एकाच ठिकाणी एकच काम करणाऱ्या राज्याच्या आणि महापालिकेच्या माणसाला सारखाच दैनिक जोखीम भत्ता. आणि अशा कामावर असताना तो आजार जडला तर तो कामामुळेच, असं गृहीत धरून विशेष विकलांगता रजा. नाही म्हणायचं असेल तर ते शासनाने सिद्ध करावं, आजारी माणसाने नव्हे. आठवा केंद्रीय वेतन आयोग न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली काम करतो आहे, त्याला अठरा महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर राज्य नेहमीप्रमाणे आपली समिती नेमेल आणि भत्त्यांचा विचार तिथे होईल. आपत्तीतल्या जोखमीचा रकाना त्या समितीपुढे आजच तयार असायला हवा. सातव्या आयोगाच्या वेळी आपण घरभाडे आणि महागाई भत्त्यावर इतके लढलो की जोखीम शेवटच्या पानावर गेली होती.

लेखी आदेशाच्या मागणीवर एका बैठकीत आम्हाला सांगितलं गेलं की आणीबाणीत एवढे आदेश काढणं शक्य नसतं. मी म्हणालो, निवडणुकीत कसं शक्य होतं? थोड्या दिवसांत हजारोंची नेमणूकपत्रं निघतात, नाव, मतदान केंद्र, तारीख सगळं छापलेलं, आणि ती माणसाच्या हातात पडून पोच घेतली जाते. त्या कामावर मृत्यू आला तर निवडणूक आयोगाचं किमान १५ लाखांचं सानुग्रह साहाय्य आहे, हिंसक घटनेत ३० लाख. तिथे हजेरी सिद्ध करायला कुणाला चलनाचे गठ्ठे उपसावे लागत नाहीत. पत्रच पुरेसं असतं. बैठकीत यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. इतिवृत्तात मुद्दा आला आहे, निर्णय अजून आलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात अतिवृष्टीच्या इशाऱ्यावर त्या कार्यालयातल्या काही जणांना नियंत्रण कक्षात रात्रपाळीला बोलावलं. निरोप ग्रुपवरच आला, नावांची यादी, पूर्वीसारखीच. तो लिपिक यादीत होता. त्याने पाच मिनिटांत उत्तर टाकलं, “हजर होतो. आदेश क्रमांक कळवावा.” त्याच्याखाली एकामागून एक सगळ्यांनी तेच लिहिलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास जावक क्रमांक आणि सहीसह आदेश आला. तो कामावर निघाला तेव्हा वाटेत स्टेशनबाहेरच्या दुकानात त्याने दोन झेरॉक्स काढल्या. एक खिशात ठेवली, दुसरी मुलाच्या हाती घरी पाठवली, कपाटात ठेवायला.